मार्क वाढले, नंबर घसरला

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोनवर म्हणालीस, टेस्टमध्ये मार्क वाढले पण नंबर खाली गेला. रूममेट पुढं गेली, म्हणून आता तिच्याबरोबर अभ्यासाला बसायचं नाही. शेजारी माणसं होती, मला नीट बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

स्पर्धा फक्त स्वतःशी करावी असं जो तो सांगतो. मला ते अर्धंच पटतं. आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बघ. 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीत, गोपाल सैनींचा 1981 चा राष्ट्रीय विक्रम त्यानं 2018 ला मोडला. मग स्वतःचाच विक्रम पुन्हा पुन्हा मोडत गेला. 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाच्या पोरांबरोबर पळाला, तेव्हा 8 मिनिटं 11.20 सेकंदांचा नवा विक्रम झाला आणि रौप्यपदक मिळालं. सुवर्ण 0.05 सेकंदानं गेलं. जुलै 2024 ला पॅरिसला डायमंड लीग या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्यानं 8 मिनिटं 9.91 सेकंद वेळ दिली, आजवरची त्याची सगळ्यात चांगली. त्या शर्यतीत नंबर किती आला माहितीये? सहावा! पुढं पाच जण होते, म्हणून तर पाय तसे पळाले असतील, असं मला वाटतं.

कापूस वेचायला तू माझ्याबरोबर आलीस ना? शेजारच्या पातीला चपळ हाताची बाई असली की आपलाही हात आपोआप उचलतो. संध्याकाळी काट्यावर तिचं वजन जास्तच भरतं, पण आपलंही रोजच्यापेक्षा वाढलेलं असतं. तिच्यापासून लांबची पात धरली असती तर काय मिळालं असतं?

देशाच्या यादीचं मात्र आत्ता डोक्यात घेऊ नकोस. नीटला, तुझ्या त्या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, 20 लाखांवर लेकरं बसतात. 2024 ला 720 पैकी 720 घेणारे होते, 2025 ला देशात पहिला आला त्याला 686. पेपर कसा निघेल, बाकीचे किती घेतील, यातलं काहीच तुझ्या हातात नाही. हातात काय आहे, तर येत असून चुकलेले प्रश्न. बरोबरला 4 मिळतात, चुकलं की 1 जातो; म्हणजे येणारा प्रश्न घाईत चुकला की 5 चा फटका. दर टेस्टनंतर असे किती गेले ते वहीत लिही आणि मागच्या आठवड्याच्या आकड्याशी ताडून बघ.

आणि त्या पोरीशी अबोला धरू नकोस, बाई. तिचं फिजिक्स चांगलं आहे असं तूच सांगितलंस. आज रात्रीच तिच्याजवळ बस, तुझं बायो तिला दे. रविवारी बाबा येतील, शेंगदाण्याची चटणी दोघींसाठी पाठवते.

तुझी,
आई