फेलोशिप निवडणाऱ्या लेकीस

चिरंजीव लेकीस अनेक आशीर्वाद.

रेसिडेन्सीनंतरच्या एका वर्षाच्या फेलोशिपसाठी हिमॅटोपॅथॉलॉजी (रक्त, अस्थिमज्जा आणि लसीका ग्रंथींच्या रोगांचे निदान) घ्यावी की पचनसंस्थेची पॅथॉलॉजी, हा तुझा प्रश्न वाचला आणि सोबत पाठवलेली अमेरिकेतल्या विद्यापीठीय रुग्णालयांची यादीही पाहिली. केंद्रे सगळीच नावाजलेली आहेत, त्यामुळे त्यांतले एखादे अगदीच वाईट निघेल अशी भीती मला नाही. मात्र प्रत्येकापुढे तू खाटांची आणि वर्षभरात येणाऱ्या नमुन्यांची संख्या लिहिली आहेस. फेलोला स्वतःचे निदान कधी लिहावे लागते, हे एकाही नावापुढे लिहिलेले नाही. माझ्या मते निवड त्यावरच व्हावी.

तुमच्या ४ वर्षांच्या एपी-सीपी (ॲनाटॉमिक आणि क्लिनिकल पॅथॉलॉजी) रेसिडेन्सीत तू ग्रॉसिंग केलेस, म्हणजे नमुने पाहून कापलेस, स्लाइड पाहिल्यास आणि साइन-आउटला, म्हणजे अहवाल पक्का होताना, अटेंडिंगच्या (जबाबदार वरिष्ठ डॉक्टरच्या) शेजारी बसलीस. तिथे चुकलेले निदान त्याच खोलीत दुरुस्त होत होते. फेलोशिपचे एक वर्ष संपले की तू स्वतः अटेंडिंग होणार आणि शेजारी कोणी नसणार, म्हणून या वर्षात तुला सर्वांत जास्त सवय लागायला हवी ती ठाम निदान करण्याची. ज्या विभागात फेलो स्लाइडचा ट्रे आदल्या संध्याकाळी एकटा पाहतो, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीचे (पेशींतली विशिष्ट प्रथिने दाखवणारे) स्टेन स्वतः मागवतो आणि निदानासह अहवालाचा मसुदा तयार करून मगच अटेंडिंगसमोर बसतो, तिथे ही सवय लागते. ज्या विभागात अटेंडिंगचे मत आधीच कळलेले असते, तिथे फेलो फार तर चांगला श्रोता होतो. अखेरची सही अटेंडिंगचीच राहील, कारण मेडिकेअरच्या, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, नियमांप्रमाणे शिकवणाऱ्या डॉक्टरने ती स्लाइड स्वतः पाहिलेली असावी लागते; त्याबद्दल तक्रार नाही. सहीच्या आधीचा मसुदा कोणाचा असतो, एवढेच तू मुलाखतीत विचार, आणि विभागप्रमुखांपेक्षा सध्याच्या फेलोंना विचार.

फ्रोजन सेक्शनबद्दलही, म्हणजे ऊतीचा तुकडा गोठवून लगेच करायच्या निदानाबद्दलही, असेच विचारावे. मेयो क्लिनिकमध्ये लुई विल्सन यांनी १९०५ साली ही पद्धत रूढ केली तेव्हापासून शस्त्रक्रिया चालू असताना उत्तर देणे हे पॅथॉलॉजिस्टचे काम झाले, आणि आज एका ब्लॉकसाठी (ऊतीच्या एका तुकड्यासाठी) साधारण २० मिनिटांची मर्यादा पाळली जाते. त्या २० मिनिटांत ग्रंथ उघडायला वेळ नसतो. सर्जन इंटरकॉमवर वाट पाहत असताना ‘पक्क्या स्लाइडवर सांगतो’ हे उत्तर कधी प्रामाणिक असते आणि कधी केवळ टाळाटाळ असते, हे वारंवार ती वेळ आल्याशिवाय कळत नाही. हिमॅटोपॅथॉलॉजीच्या फेलोला फ्रोजन क्वचितच वाट्याला येते. पुढे तुला लहान रुग्णालयात काम करायचे असेल, तर तिथे एका उपशाखेत प्रावीण्य असणारा पण बाकी सगळेही साइन-आउट करणारा माणूस हवा असतो, हे लक्षात ठेवून आठवड्यातला एखादा दिवस सर्जिकल बेंचवर मिळेल का, हे आधी ठरवून घे.

विषयाबद्दल म्हणशील तर माझा कल हिमॅटोपॅथॉलॉजीकडे आहे, आणि त्याचे कारण ती आज अवघड आहे हेच आहे. बोन मॅरोचा ॲस्पिरेट (ओढून काढलेला द्रव), ट्रेफाइन (हाडाचा बारीक तुकडा), फ्लो सायटोमेट्री (पेशींवरच्या खुणांची तपासणी), सायटोजेनेटिक्स (गुणसूत्रांची तपासणी) आणि जनुकीय सिक्वेन्सिंग यांची उत्तरे वेगवेगळ्या दिवशी येतात आणि त्यांतून एक अहवाल बांधावा लागतो. त्यात २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेचे पाचवे वर्गीकरण आणि त्याला समांतर असे आंतरराष्ट्रीय सहमती वर्गीकरण अशी रक्ताच्या कर्करोगांची दोन वर्गीकरणे पुढे आली. एनपीएम१ या जनुकाचे उत्परिवर्तन असलेल्या रुग्णात ब्लास्ट (अपक्व पेशी) ७ टक्के असतील, तर पहिल्या वर्गीकरणानुसार तो ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया (रक्ताचा एक कर्करोग) ठरू शकतो आणि दुसऱ्यानुसार ठरत नाही, कारण तिथे किमान १० टक्क्यांची अट आहे. स्लाइड तीच, रुग्ण तोच, आणि उपचारांचा मार्ग मात्र बदलू शकतो. अशा वेळी हिमॅटॉलॉजिस्टला फोन करून रुग्णाचे वय, आधीच्या तपासण्या आणि उपचारांचा बेत विचारणारा पॅथॉलॉजिस्टच कामाचा असतो, आणि असे फोन फेलो करतो की अटेंडिंग, हा तुझ्या चौकशीतला आणखी एक प्रश्न असावा.

मोठ्या केंद्रांत बाहेरून दुसऱ्या मतासाठी आलेल्या कन्सल्ट केसेसचे फार कौतुक असते. कौतुक योग्यच आहे. आपल्या टाटा मेमोरियलमध्येही बाहेरचे ब्लॉक आणि स्लाइड पुन्हा तपासतात, आणि दुसऱ्याचे निदान कुठे घसरले हे पाहून जेवढे शिकता येते तेवढे व्याख्यानांतून येत नाही. पण केवळ कन्सल्ट पाहणाऱ्याला प्रत्येक लिम्फ नोडमध्ये (लसीका ग्रंथीत) दुर्मिळ लिम्फोमा, म्हणजे तिथला कर्करोग, दिसू लागतो. रोजच्या साध्या, रिॲक्टिव्ह (कर्करोग नसलेल्या, नुसत्या सुजलेल्या) नोड्सचा रतीबही हवा.

शिवाय कन्सल्टच्या काचेबरोबर रुग्ण येत नाही. पॅथॉलॉजिस्ट वसंत रामजी खानोलकर टाटा मेमोरियलच्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते, आणि १९४५ साली त्यांनी कमरेला घट्ट बांधलेल्या धोतराच्या जागी होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचे वर्णन केले. सूक्ष्मदर्शकाखाली तो इतर स्क्वॅमस कार्सिनोमासारखाच दिसतो. माणूस धोतर कसे नेसतो, हे पाहिल्याशिवाय तो ओळखू आला नसता. म्हणून ट्यूमर बोर्डात, म्हणजे कर्करोगाच्या केसेसवरच्या सर्व विभागांच्या बैठकीत, केस फेलोने मांडायची पद्धत आहे का, हेही विचार.

आता व्यवहाराचे. हिमॅटोपॅथॉलॉजीला अमेरिकन बोर्ड ऑफ पॅथॉलॉजीची स्वतंत्र परीक्षा आणि प्रमाणपत्र आहे, पचनसंस्थेच्या पॅथॉलॉजीला ते नाही. पचनसंस्थेच्या पॅथॉलॉजीचे पुष्कळ कार्यक्रम अधिमान्यतेशिवाय चालतात. काही विभाग अशा फेलोला इन्स्ट्रक्टरचे पद देऊन काही केसेसवर स्वतंत्र सहीही करू देतात, आणि माझ्या आधीच्या मुद्द्याच्या दृष्टीने हा मोठा लाभ आहे. पण तू जे-१ या प्रशिक्षणार्थी व्हिसावर आहेस. प्रशिक्षणाची एकूण मर्यादा सर्वसाधारणपणे ७ वर्षांची, नंतर २ वर्षे मायदेशी परतण्याची अट किंवा तिच्यातून सूट मिळवण्याची खटपट, आणि त्यात अधिमान्यता नसलेल्या जागेसाठी प्रायोजकत्व मिळेलच असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. अर्ज पाठवण्यापूर्वी प्रायोजक संस्थेकडून त्या विशिष्ट जागेबद्दल लेखी उत्तर मागव, तोंडी आश्वासनावर राहू नकोस.

यादीतल्या प्रत्येक केंद्रातल्या एका तरी फेलोशी बोलून मसुदा, फ्रोजन, फोन आणि ट्यूमर बोर्ड या चार गोष्टींची उत्तरे मला कळव. मग आपण यादी लहान करू.

तुझे बाबा