संथपणा म्हणजे रिकामेपणा नव्हे

महोदय,

वस्तीपासून दूर, एकाकी घरात राहणाऱ्या स्त्रियांच्या मनोव्यापारांवरील संथ चित्रपटांना ‘यात काही घडतच नाही’ असे म्हणून निकालात काढण्याची सवय आता समीक्षकांनाही जडू लागली आहे, म्हणून हे पत्र.

स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमन यांचा १९६६ चा ‘पर्सोना’ हा चित्रपट आठवावा. अचानक बोलणे थांबवलेली अभिनेत्री आणि तिची परिचारिका समुद्रकाठच्या निर्जन घरात राहतात. एकीच्या मौनामुळे दुसरी बोलत जाते, आपली गुपिते उघडी करते आणि पुढे त्या अभिनेत्रीचे न चिकटवलेले पत्र वाचल्यावर तिला कळते, की आपण केवळ कुतूहलाचा विषय होतो. त्यानंतर ती फुटलेल्या पेल्याच्या काचा गोळा करते, एक तुकडा मात्र वाटेवर तसाच ठेवते आणि वाट पाहत बसते. अभिनेत्रीचा अनवाणी पाय त्यावर पडेपर्यंतचा तो अवधी घाईने कापला असता, तर उरला असता निव्वळ एक अपघात. तिच्या मनातला सूड प्रेक्षकाला दिसतो, तो त्या थांबण्यामुळेच. (हा चित्रपट दीड तासाचाही नाही, हे लांबीची तक्रार करणाऱ्यांसाठी.)

अर्थात, संथ असलेले सारेच सखोल नसते. खिडकीतून शेताकडे टक लावून बसलेली स्त्री वारंवार दाखवली, म्हणजे तिचे एकाकीपण उलगडले असे होत नाही. परंतु हा भेद परीक्षणात स्पष्ट करायला हवा, आणि त्यासाठी चित्रपट हाती फोन न घेता पाहावा लागतो.

आपला,
एक वाचक