उनपदेवहून परतणाऱ्या आप्पांना

आप्पा, रामराम.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. दोन तास तुम्ही माझ्या ट्रॅक्टरमागे मातीत बसून होतात, मी आप्पा आप्पा करत पाने हातात देत होतो, नावावाचून काही अडलंच नाही. म्हणून हे पत्र उघड्यावर लिहितोय. अडावद-चोपड्याच्या पट्ट्यात कुणी वाचलं तर पोहोचवेल. गुडघे शेकायला उनपदेवच्या गरम पाण्यावर जाणारे, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले आणि मोटारसायकलच्या डिकीत पाने बाळगणारे आप्पा काही पन्नास नसतील.

दिवाळी नुकतीच झाली होती. मक्याच्या रिकाम्या रानात हरभरा पेरत होतो. जेमतेम चार फेऱ्या झाल्या आणि ट्रॅक्टर बंद करून बांधावर बसलो, तेवढ्यात तुमची गाडी थांबली. "काय व्हयनं भाऊ?" मी नुसतं मागे बोट दाखवलं.

नऊ फणांचं पेरणी यंत्र. त्याच्या आतल्या नऊ ओळी आपसात सरळच पडतात, बिघडतो तो दोन फेऱ्यांचा सांधा. फुटाचं अंतर हवं तिथे कुठे चार बोटं, कुठे दोन फूट. आदल्या वर्षी असंच पेरलं होतं. कोळप्याला बैल जुंपले तेव्हा सांध्यातला हरभरा पासेखाली गेला, आणि जाणारा-येणारा विचारायचा, "नागपंचमी अजून लांब आहे ना रे?"

उपाय केले नव्हते असं नाही. एका वर्कशॉपात नेलं, तिथल्या पोराने यंत्राकडे न बघताच यंत्राला बाजूला डोलू न देणाऱ्या दोन्ही साखळ्यांचे टर्नबकल, म्हणजे साखळी कसायचे आट्याचे तुकडे, तंबोऱ्याच्या तारेसारखे पिळून दिले. पहिल्याच वळणावर यंत्र पूर्ण वर उचललं आणि उजव्या साखळीचा बोल्ट तुटून उडाला. मग वेल्डिंग. मग जाड साखळी. शेवटी मी स्वतःच अक्कल लढवून बाभळीची पाचर ठोकली होती. ती तुम्ही काढलीत, हातात फिरवून पाहिलीत आणि काही न बोलता बांधावर ठेवलीत. बोलला असतात तर बरं वाटलं असतं.

साखळीला तुम्ही हातच लावला नाहीत. यंत्र वीतभर उचलायला सांगितलंत, खाली दोन ओंडके सरकवलेत, मग यंत्र त्यांच्यावर टेकवून इंजिन बंद करायला लावलंत. हायड्रॉलिकच्या भरवशावर अवजाराखाली हात घालायचा नाही, हे एवढं एकच वाक्य तुम्ही दरडावून बोललात. मग मला म्हणालात, यंत्र धरून डावी-उजवीकडे हलव. तुम्ही एकेका जोडावर बोट ठेवून बसलात. जिथे बोटाला खट्ट लागेल तिथे चोर.

पहिला चोर पिनेत सापडला. यंत्राची पिन बावीस मिलिमीटरची आणि माझ्या ट्रॅक्टरच्या खालच्या हातांचे, म्हणजे अवजार धरणाऱ्या मागच्या दोन दांड्यांचे, बॉल अठ्ठावीसच्या पिनेचे. जोडणीच्या मापात यंत्र एका नंबरचं, ट्रॅक्टर दोन नंबरचा, आणि दोन हंगाम मी ते तसंच जोडून फिरवत होतो. सहा मिलिमीटर म्हणजे काही फार नाही असं मी म्हणालो, तेव्हा तुम्ही काडीने मातीत आकृती काढलीत: एक बाजू तेवढी पुढे, दुसरी तेवढी मागे, की सगळं यंत्र तिरकं होतं. तिरकं झालेलं यंत्र मग सरळ मागे येत नाही, माती त्याला बाजूला ढकलते.

दुसरा चोर त्याच पिनेवर, पण आडव्या अंगाने. बॉल आणि क्लिप यांच्यामध्ये दीड बोट जागा मोकळी होती, तेवढ्यात बॉल पिनेवर इकडून तिकडे सरकत होता. हा माझ्या कधी लक्षातच आला नव्हता, कारण क्लिप जागेवर असली की मी पुढे बघतच नव्हतो. तिसरा म्हणजे डाव्या हाताचा बॉल, वाटीत झिजून खुळखुळा झालेला. पुढचा एक्सलकडचा जोड मात्र तुम्ही ठीक म्हणालात. मला अडावदला पिटाळलंत बुश आणायला, पिनेवर चढवून ती जाड करणारी नळी. वॉशर तुमच्याच डब्यातले, तीन एका बाजूला, दोन दुसऱ्या. बॉलचं काम नंतर कर म्हणालात, ते मी केलं.

आणि मग साखळी, सगळ्यात शेवटी. सुतळीने टायरपासून खालच्या हातापर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजून आधी यंत्र ट्रॅक्टरच्या मधोमध आणलंत. टर्नबकल थोडा डावा, थोडा उजवा, आळीपाळीने. यंत्र जमिनीवर असताना कसलंत आणि टर्नबकल जागेवर धरणारा चेकनट आवळायच्या आधी मला हळूहळू लिफ्ट उचलायला लावून स्वतः वाकून साखळीकडे बघत राहिलात. साखळीचा खुंटा आणि खालच्या हाताचा खुंटा एका रेषेत नसले तर खाली बेताची असलेली साखळी वर जाताना ताणली जाते. माझा बोल्ट यानेच तुटला होता. तुम्ही अर्धा आटा ढिला केलात आणि म्हणालात, "आते देख."

पाहिलं आप्पा. पाचव्या फेरीचा सांधा या टोकापासून त्या टोकापर्यंत फुटावर. मी वळून वळून मागे बघत होतो, तुम्ही ओरडलात की पुढे बघ, नाहीतर आता तूच वाकडा चालशील.

जाता जाता एक सांगितलंत ते तेव्हा नीट कळलं नव्हतं. नांगराला मात्र एवढं कसू नको, त्याला दोन बोटं डोलू दे. मी म्हटलं, एकदा बसवलंय तर राहू दे. तुम्ही जुवाचं उदाहरण दिलंत: शिवळ, म्हणजे मानेशेजारची जुवाची खुंटी, ढिली असली तर बैल बाहेर फाकतो, पण मान आवळली तर तो ओढणारच नाही. उन्हाळ्यात पलटी नांगर लावला तेव्हा पटलं. नांगर आपली वाट आपण शोधतो. त्याला जखडलं की सगळा जोर साखळीच्या कानांवर येतो. रोटाव्हेटरला पुन्हा कसतो, तिथे शाफ्ट फिरत असतो. आता अवजार बदललं की टर्नबकलला हात जातोच.

तुम्ही गंमतीने म्हणाला होतात, ही खालचे दोन हात आणि वरचा एक अशी तीन टोकांची जोडणी काढणारा नक्की बैल हाकलेला असणार. तो हॅरी फर्ग्युसन, आयर्लंडच्या शेतकऱ्याचा मुलगा. 1939 मध्ये हेन्री फोर्डच्या ट्रॅक्टरवर ती बसली आणि जगभर गेली. म्हणजे तुमचा अंदाज फार चुकला नव्हता, बैल नसतील तर घोडे असतील.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. चहाही नको म्हणालात, उशीर झाला, घरी बोलणी बसतील म्हणून. डब्यातले पाच वॉशर गेले त्याचा हिशेब माझ्याकडे आहेच. शिवाय तुमचा चोवीस नंबरचा पाना यंत्राच्या पेटीवर राहिला. जुना आहे, मुठीकडे झिजून चांदीसारखा झालेला. संध्याकाळी लक्षात आला तेव्हा मोटारसायकल काढून अडावदच्या फाट्यापर्यंत आलो होतो, पण फाट्यावर कुणाला काय विचारू?

पाना घरात देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर आहे, ट्रॅक्टरच्या पेटीत टाकलेला नाही. यंदा पुन्हा हरभराच आहे, घाटे भरत आलेत. उनपदेवला निघालात की त्याच बांधावर थांबा. पाचर ठेवली होतीत ना, त्या निंबाखाली. भरीत आणि कळण्याची भाकर करायला घरी सांगून ठेवलंय, आणि या वेळी उशीर झाला तर तुमच्या घरी बोलणी खायला मीही सोबत येईन.