फॉलोअर आले, गिऱ्हाईक नाही : तक्रार व पैसे परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

सावद्यात आमचा ज्वारीच्या बिबड्या, उडदाचे पापड, केळीचे वेफर्स आणि काळा मसाला यांचा गृहउद्योग आहे. पुण्या-मुंबईला आणि सुरतेत राहणाऱ्या आपल्या खान्देशी माणसांपर्यंत माल पोचावा, एवढ्याच हेतूने आमचे इन्स्टाग्राम खाते सांभाळण्याचे तुमचे सहा महिन्यांचे पॅकेज घेतले आणि १८,००० रुपये आगाऊ भरले. करारात 'दहा हजार खरे, महाराष्ट्र-गुजरातमधले फॉलोअर' असे स्पष्ट लिहिले आहे.

आकडा वाढला, नाही म्हणत नाही. तुमचा माणूस दर सोमवारी त्याचा स्क्रीनशॉट न चुकता पाठवायचा. पण मी इनसाइट्स, म्हणजे फॉलोअर कुठले ते दाखवणारे इन्स्टाग्रामचे पान, उघडून शहरे पाहिली तर जळगाव नाही, भुसावळ नाही, सुरत नाही. सगळ्यात वर जकार्ता, मग साओ पाउलो! तिथे कोण बिबड्या तळून खाणार आहे? बहुतेक खात्यांना फोटो नाही, एक पोस्ट नाही, नावामागे नुसते आकडे. ही खाती विकत आणलेली आहेत हे समजायला इंजिनिअर लागत नाही.

नुसते पैसे गेले असते तरी एक वेळ सोसले असते. पोस्ट टाकली की ती आधी थोड्या लोकांना दिसते. त्यांनी ती थांबून पाहिली, कुणाला पाठवली, तर पुढे सरकते. तुम्ही भरलेली खाती यातले काहीच करत नाहीत. पूर्वी फॉलोअर चारशेसुद्धा नव्हते, पण बिबड्या वाळत घातल्याचा साधा व्हिडिओ टाकला तरी "ताई, सुरतला पाठवाल का?" असे मेसेज यायचे. आता ते बंद झाले. शिवाय विकतचे फॉलोअर इन्स्टाग्रामच्या नियमात बसत नाहीत. असे बनावट लाइक आणि फॉलो काढून टाकणार असल्याचे इन्स्टाग्रामने २०१८ मध्येच जाहीर केले होते. म्हणजे उद्या आकडा घसरला की ठपका माझ्या खात्यावर, तुमच्या नाही.

पोस्टबद्दल काय लिहावे! आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, घरोघरी सांजोऱ्या होतात. परत जाणाऱ्या लेकीच्या पिशवीत पापड-कुरडया घातल्या जातात, म्हणून आमच्या विक्रीचे हेच दिवस. तुम्ही त्या दिवशी सोन्याच्या नाण्यांचे चित्र टाकले. बिबड्यांच्या पोस्टवर तर चक्क चीज लावलेले नाचोस, वर 'हेल्दी स्नॅक'. धुळ्याच्या जुन्या गिऱ्हाईक बाईंनी खाली विचारले, "हाई काय शे वं?" त्यांना मी काय उत्तर देणार? फोटो काढायला एकदा सावद्याला या म्हणून मी किती विनवले, पण कुणी आले नाही. फोन केला की एकच उत्तर, "मॅडम, अल्गोरिदम बदललाय."

आणखी एक गंभीर बाब. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर आणि ईमेल अजून तुमचाच आहे. नव्या फोनवर लॉगिन करायला गेले की कोड तुमच्याकडे जातो. नाव माझ्या धंद्याचे, किल्ली तुमच्या खिशात.

तेव्हा सर्वात आधी खात्यावर माझा नंबर आणि ईमेल टाकून द्या. त्यासाठी पैशांचा हिशेब होईपर्यंत थांबायचे कारण नाही. फॉलोअर कुठून आणले ते लेखी कळवा आणि बनावट खाती तुमच्या खर्चाने काढा. भरलेली पूर्ण रक्कम परत करा. त्याऐवजी 'दोन महिने मोफत' ही तुमची ऑफर मला नको.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत हे झाले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवीन आणि जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागीन. उत्तर लेखी द्यावे, फोनवर नको.

आपली ग्राहक,
गृहउद्योग चालिका,
सावदा, ता. रावेर, जि. जळगाव

सोबत : कराराची प्रत, पैसे भरल्याची पावती, इनसाइट्सचे स्क्रीनशॉट, नाचोसची पोस्ट