साथीविना युफोनियम : एका निवडीबद्दल मित्रास पत्र

फोंडा, गोवा

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मागेच मिळाले. गणेश चवथीनंतरच्या शाळेच्या कार्यक्रमात माझ्या विद्यार्थिनीने साथीविना युफोनियम, म्हणजे आपले ते जाड आवाजाचे पितळी फुंकवाद्य, वाजवायचे ठरवले आहे, आणि त्यासाठी बाखच्या एकट्या चेलोसाठीच्या पहिल्या सुइटमधील (नृत्यरचनांच्या मालिकेतील) प्रील्यूड, म्हणजे सुरुवातीचा भाग, घ्यावा, असे तू सुचवले होतेस. मलाही ते तेव्हा मनापासून पटले होते. आठ दिवस वाजवून पाहिल्यावर मात्र मी तो विचार सोडला आहे. त्यामागचे कारण तुला जरा विस्ताराने सांगायला हवे, कारण तू व्हायोलिनवाला आहेस आणि तुझ्या गजाला कधी धाप लागत नाही.

तो प्रील्यूड 42 बारांचा (तालाच्या आवर्तनांचा) आहे आणि जवळजवळ प्रत्येक बारात सोळा स्वर एकामागून एक वाहत असतात. एके दिवशी पडवीत बसून ती तो वाजवत होती, बाहेर पाऊस कोसळत होता. तिसऱ्या बाराच्या शेवटी तिचा श्वास संपला. पुढचा एक स्वर गाळून तिने हवा घेतली आणि पुन्हा लय पकडली. पितळी वाद्यांवर चेलोचे संगीत वाजवणारे बहुतेक जण असेच करतात, आणि जाणती माणसे स्वर इतक्या विचाराने गाळतात की तो गेला आहे हे कळतही नाही. पण सोळा वर्षांच्या मुलीच्या हातून तो गेला, की हसणाऱ्याचा पुढचा दात नसावा तशी ती फट दिसते. दुसरी अडचण वाद्याची आहे. आमच्याकडचे युफोनियम तीन व्हॉल्व्हचे, म्हणजे स्वर बदलणाऱ्या तीन कळांचे, आहे. तिन्ही दाबले की ते खाली ई पर्यंत जाते, आणि त्याखाली, तळाच्या बी-फ्लॅटपर्यंत, मधले स्वर त्यावर निघतच नाहीत. बाखचे सुइट तर चेलोच्या तळाच्या सीपर्यंत उतरतात. चौथा व्हॉल्व्ह आणि कॉम्पेन्सेटिंगची (खालचे स्वर सुरात ठेवणारी) जोडनळी असलेले वाद्य असते, तर ही तक्रार मी केली नसती.

फुंकून वाजवायच्या वाद्यासाठी लिहिले म्हणजे श्वासाची सोय असतेच, असेही नाही. बाखच्याच एकट्या बासरीसाठीच्या पार्टिटातील (अशाच नृत्यमालिकेतील) आलमांद हा पहिला भाग पाहा. तिथे बासरीवाल्यालाही श्वास चोरूनच घ्यावा लागतो. खास युफोनियमसाठी साथीविना लिहिलेल्या रचनाही आहेत, उदाहरणार्थ फ्रेड क्लिनार्ड यांचा सोनाटा. परंतु पहिल्यांदाच एकटीने मंचावर उभ्या राहणाऱ्या मुलीच्या हाती मी तो आज देणार नाही.

शेवटी मी बाखचाच समकालीन जर्मन संगीतकार टेलेमान याच्याकडे वळलो. एकट्या बासरीसाठी त्याने बारा फँटसिया (मुक्त बांधणीच्या छोट्या रचना) लिहिल्या आणि त्या 1730च्या दशकात छापल्या गेल्या. त्यांतील सहावी, डी मायनर या स्वरपट्टीतली, मला या वाद्यासाठी फार योग्य वाटते. तिचे तीन भाग आहेत : डोल्चे, अलेग्रो आणि स्पिरितुओसो. डोल्चे म्हणजे गोडव्याने, आणि युफोनियम या नावाच्या ग्रीक मुळातही गोड आवाजच आहे. निरुंद टोकापासून हळूहळू रुंद होत जाणाऱ्या त्याच्या नळीतून असा संथ भाग मुद्दाम काही न करताही गातो. अलेग्रोमध्ये एकच वाद्य दोन गळ्यांनी बोलल्यासारखे वाटते. तिथे मी तिला खालचा आवाज किंचित जाड आणि वरचा हलका ठेवायला सांगितले आहे. मूळ रचना मी दोन सप्तके खाली आणली आणि तिथून चौथ्या स्वराने वर चढवून जी मायनरमध्ये मांडली. त्या काळच्या बासरीचा तळाचा स्वर डी होता, तो आता जी होतो, आणि जी पहिल्या व दुसऱ्या व्हॉल्व्हवर सुखाने निघतो. वाक्ये आखूड आहेत, आणि जिथे वाक्य संपते तिथे श्वास घेतला तर तो संगीताचाच भाग वाटतो. या एकाच कसोटीवर मी निवड केली.

साथ नसताना सूर सांभाळायचा कसा, हा प्रश्न उरतोच. गरम झालेल्या पितळी वाद्याचा सूर वर चढतो, आणि पियानो नसल्यामुळे आपण कुठे पोचलो हे सांगायला कोणी नसते. म्हणून मी घरचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा जी वर लावतो, तिला डोल्चे सुरू करायला सांगतो, चार बारांनंतर तानपुरा बंद करतो आणि शेवटच्या स्वरावर पुन्हा सुरू करतो. पहिल्या दिवशी शेवटचा स्वर इतका चढला होता की तिने स्वतःच डोळे मिटून घेतले. काल तो तानपुऱ्याच्या पोटात बरोबर जाऊन बसला. आता तिला मनातल्या मनात षड्ज धरून ठेवता येतो. आपल्याकडे गाणे शिकणाऱ्याला हे पहिल्याच दिवसापासून सांगतात. पितळी वाद्ये शिकवताना मला मात्र ते इतक्या वर्षांनी सुचले, याची थोडी लाजच वाटते.

तिन्ही भाग मिळून रचना मोठी नाही, आणि ते मी मुद्दाम पाहिले. साथीदार वाजवत असताना ओठांना मिळणारी विश्रांती इथे मिळत नाही. म्हणून भागांच्या मध्ये तिने घाई न करता माउथपीस ओठांपासून दूर करावा, वाद्यातले पाणी काढावे आणि मगच पुढे जावे, असे ठरवले आहे.

तू चवथीला घरी येशील तेव्हा व्हायोलिन घेऊन ये. अलेग्रो मूळ डी मायनरमध्ये तुझ्याकडून ऐकला, तर त्यातले दोन आवाज तिच्या कानात स्पष्ट वेगळे होतील. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा स्नेहांकित मित्र