नवोदितांची भाषा आणि मुद्रितशोधकाची पेन्सिल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत खेड्यापाड्यांतल्या नवोदितांच्या कथा येतात, ही चांगली गोष्ट. पण लिहिणारा दर्यापूरचा की दादरचा, हे कथेवरून कळत नाही. सूर्य 'पश्चिम क्षितिजावर' कलतो, आई 'वात्सल्यमूर्ती' असते. दहावीच्या निबंधाची ही सवय मोडायला कोणी शिकवत नाही.

काही जण मग प्रमाण वाक्यांत 'काहून' (का) आणि 'वावर' (शेत) असे वऱ्हाडी शब्द पेरतात. बोली मुख्यतः क्रियापदात असते : 'उद्या येजो', 'तो वावरात जाऊन राहिला' (म्हणजे जातो आहे), 'मले कोणं सांगतलंच नाई'. ती कानात बसवायला एक उपाय आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं पाच मिनिटांचं बोलणं, अर्थात विचारून, मोबाइलवर रेकॉर्ड करा. विषय नेमका हवा : विहीर खणली ते साल, बैल विकला तो बाजार. 'तुमचं आयुष्य कसं गेलं' विचारलं, की माणूस भाषण ठोकतो. मग ते शब्दशः उतरवा. पाच मिनिटांना तासभर सहज जातो. 'मंग', अडखळणं, तेच ते पुन्हा सांगणं, काही गाळू नका. क्रियापदांखाली रेघ मारा, वाक्य कुठं तुटतं ते पाहा. दुसऱ्या दिवशी कागद मिटवून तोच प्रसंग दोनशे शब्दांत स्वतः लिहा आणि मोठ्यानं वाचा. तोंडातून कधीच निघणार नाही असं वाक्य खोडा, कितीही सुंदर असलं तरी.

लेखनाचा नियम आधी ठरवावा. 'डोळा' की 'डोया', 'आहे' की 'हाये', हे वेगळ्या कागदावर लिहून शेवटपर्यंत पाळा. प्रत्येक उच्चार जसाच्या तसा लिहिला, तर वऱ्हाडी वाचकही अडखळतो. चार-पाच लकबी पुरतात. आजी, ग्रामसेवक आणि अमरावतीला होस्टेलवर राहणारी नात एकसारखी बोलत नाहीत. निवेदन प्रमाण मराठीत असायला हरकत नाही. मात्र फक्त गडीमाणसाच्या आणि विनोदी पात्राच्या तोंडी बोली घातली, की वाचक तिला हसायला शिकतो. कविसंमेलनांनी हे नुकसान पुष्कळ केलं आहे. आणि भंडारा-गोंदियाच्या मुलांनी टाळ्यांसाठी वऱ्हाडी कशाला लिहावी? त्यांची झाडीबोली आहे.

छोटी, बोलकी वाक्यं ही काही नवी टूम नाही. अशाच वाक्यांतलं म्हाइंभटांचं गद्य 'लीळाचरित्र' तेराव्या शतकातलं, आणि त्याचं नातं आपल्याच जिल्ह्यातल्या रिद्धपूरशी.

आपल्याकडून एकच अपेक्षा. मुद्रितशोधनात 'येजो'चं 'ये' करण्याआधी लेखकाला एक फोन करावा. शब्दमर्यादेसाठी कापाकापी करायचीच झाली, तर आधी वर्णन कापावं, संवाद नंतर.

आपला,
एक ग्रंथालय कार्यकर्ता,
ता. दर्यापूर, जि. अमरावती