चेंबर कापून बंदुकीची ताकद वाढत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रानडुक्कर आणि वानरांनी कोकणातली शेती कशी नासवली याच्या बातम्या तुमच्या पेपरात सारख्या येतात आणि त्या खऱ्याच आहेत, आमच्या कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात भात पोटरीला आलं की शेतकऱ्याची झोप उडते आणि वानर तर माडावर कोवळं शहाळं पण ठेवत नाहीत. पण या त्रासातून एक भलतंच खूळ गावात शिरतंय त्याबद्दल हे पत्र आहे. मी फौजेत आर्मरर होतो, हत्यारं उघडणं-जोडणं हेच आयुष्यभर केलं, म्हणून गप्प बसवत नाही.

खूळ असं की जुन्या एकनळी बंदुकीचं चेंबर, म्हणजे नळीत मागे काडतूस बसायची जागा, आतून कापून लांब करायचं आणि त्यात मोठं काडतूस घालायचं. पोरं मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघतात आणि येऊन विचारतात, "काका, चेंबर वायच आत कापून घेतला तर लांब काडतूस बसात मां?" बसेल की. बसण्याचा प्रश्नच नाहीये.

व्हिडिओत जे दिसतं ते खोटं नाही हे आधी सांगतो. तिकडे शार्प्स, रोलिंग ब्लॉक असल्या एका वेळी एकच गोळी भरायच्या रायफली काळ्या दारूवर (जुन्या पद्धतीच्या, धूर करणाऱ्या बारुदीवर) चालवायचा मोठा शौक आहे. त्यातलं सगळ्यात चालणारं काडतूस .45-70, म्हणजे .45 इंचाचा बोअर (नळीचं आतलं भोक) आणि 70 ग्रेन दारू, साधारण साडेचार ग्रॅम. त्याची केस, म्हणजे दारू भरायची पितळी नळकांडी, 2.1 इंच लांब. त्याच घराण्यातलं .45-90 हे 2.4 इंचाचं, .45-110 जवळजवळ 2.9 इंचाचं आणि .45-120 सव्वातीन इंचाचं. बुडाची कड सगळ्यांची सारखी, काडतूस त्या कडेवरच टेकतं, त्यामुळे चेंबर मागून बंद करणारा ब्लॉक बदलावा लागत नाही, फक्त रीमर (भोक मापात मोठं करायचं हत्यार) घालून चेंबर पुढे वाढवलं की काम झालं. पण ते लोक हे कशात करतात तर आजच्या पोलादाच्या, जाड बॅरलच्या (नळीच्या), नव्या बनवलेल्या रायफलीत, त्या काडतुसासाठी खास केलेला रीमर वापरून, गेज लावून मोजत मोजत. आपल्याकडे लेथवाला ड्रिल लावून "करून देतो" म्हणतो त्याच्याशी याचा काही संबंध नाही.

आता काळ्या दारूची एक गोष्ट जी व्हिडिओत कोण नीट सांगत नाही. केसमध्ये दारू आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी ठेवायची नसते, दारू वरपर्यंत भरून किंचित दाबावी लागते, नाहीतर बॅरलला आतून रिंग पडून ती फुगू शकते. म्हणजे केस लांब केली की दारू वाढवणं आलंच, किंवा वरची जागा वॅड (पुठ्ठ्याची चकती) घालून भरणं आलं. दारू वाढली की धक्का वाढला आणि काजळी पण वाढली, चार बारांत बॅरल खरखरीत होते आणि नेम जातो. आणि लांब चेंबरमध्ये जुनं आखूड काडतूस टाकलं तर गोळी केसमधून सुटून राइफलिंगला (नळीतल्या पिळाच्या खाचांना) लागेपर्यंत मोकळ्या जागेतून जाते, तिथे शिसं आणि काजळी यांचं कडं साचतं, मग पुढे लांब काडतूस बसवायलाच त्रास होतो. जो नेम चांगला होता तो पण घालवून बसायचं.

धोक्याची खरी जागा बॅरलच्या जाडीत आहे. बॅरल मागे चेंबरपाशी सगळ्यात जाड असते कारण स्फोटाचा दाब तिथे जास्त, आणि तोंडाकडे जाताना ती पातळ होत जाते. चेंबर पुढे कापलं म्हणजे जिथे बाहेरून आधीच पातळ आहे तिथेच आतून आणखी खरवडलं. बनवणाऱ्याने जेवढी जाडी हिशोबाने ठेवली होती ती गेली, आणि वर दारू जास्त. त्यात आपली हवा. काळ्या दारूची राख ओल ओढून घेते, आणि समुद्रकाठी पावसाळ्यात बंदूक न धुता एक रात्र ठेवली तर सकाळी तांबूस थर दिसतो. मध्ये एकाची जुनी एकनळी बघायला आली होती, टॉर्च आत टाकला तर चेंबरच्या पुढे बोटभर अंतरावर गंजाचे काळे खड्डे, मिरीच्या दाण्याएवढे, आणि तो गडी नेमकं तिथपर्यंतच कापून घ्यायचं म्हणत होता. मी त्याला आरशाचा तुकडा धरून ते खड्डे दाखवले तेव्हा त्याने विचार सोडला.

हीच चूक बारा बोअरच्या छऱ्याच्या बंदुकीत तर न कापताही होते आणि ही माहिती प्रत्येक परवानाधारकाला पाहिजे. जुन्या बऱ्याच बंदुकांचं चेंबर 65 मिलिमीटरचं, आणि बाजारात 70 मिलिमीटरचं काडतूस मिळतं. ते आत आरामात बसतं, बंदूक बंद पण होते, कारण काडतुसावर लिहिलेली लांबी ही उडाल्यानंतर तोंड उघडल्यावरची असते, आत घालताना तोंड दुमडलेलं असल्याने ते आखूड असतं. बार झाला की तोंड उघडायला पुढे जागाच नाही, वाट अरुंद होते आणि दाब चढतो. रिकामं काडतूस काढून बघा, तोंडाच्या कडा फाटून चिंध्या झाल्या असतील तर तुमची बंदूक तुम्हाला सांगतेय की हे काडतूस तिचं नाही.

आणि बिनधुराची पावडर, म्हणजे आजच्या काडतुसातली, काळ्या दारूपेक्षा कितीतरी जोरदार, ती या सगळ्यावर कडी. लांब केस दिसली की कोणीतरी ती पावडर काळ्या दारूच्या मापाने भरणार, कारण वरून दोन्ही भुकटीच, आणि मग बॅरल राहणार नाही, धरणाऱ्याचा हातही राहणार नाही.

लांब म्हणजे भारी असं पोरांच्या डोक्यात बसलंय म्हणून जुनी गोष्ट सांगतो. ब्रिटिश सैन्याने 1871 मध्ये मार्टिनी-हेन्री रायफल घेतली, तिच्यासाठी आधी लांब सरळ काडतूस ठरत होतं, पण ते नाजूक आणि हाताळायला अडचणीचं, म्हणून आधीच्या स्नायडर रायफलीच्या .577 च्या जाड केसला पुढे मान काढून आखूड काडतूस केलं, त्यात 85 ग्रेन दारू आणि 480 ग्रेनची गोळी. अमेरिकन सैन्याने 1879 मध्ये सँडी हूकच्या चाचणी मैदानावर 2.4 इंच केस आणि 80 ग्रेन दारू घालून अडीच हजार यार्डांपर्यंत मारून बघितलं, आणि तरी सैनिकाच्या हातात 2.1 इंचाचीच केस ठेवली. ज्यांच्याकडे कारखाने आणि पैसा होता त्यांनी लांबीचा मोह आवरला, आणि आपण काजूच्या बागेतल्या तीस-चाळीस पावलांवरच्या डुकरासाठी नळी कापायला निघालोय.

कायद्याचं पण बोलतो. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणे हत्यारात बदल करणं, दुरुस्त करणं, चाचणी घेणं याला वेगळा परवाना लागतो, लेथवाल्याकडे तो नसतो. बंदुकीचं वर्णन परवान्यात असतं, आत वेगळंच काडतूस बसायला लागलं की परवाना एका हत्याराचा आणि हातात दुसरंच हत्यार अशी अवस्था. पीक राखायला म्हणून कलम 13 मध्ये ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे, कोकणातले कितीतरी परवाने त्याचेच आहेत. आणि डुक्कर-वानरावर बार टाकायचा की नाही हे वन्यजीव कायदा 1972 ठरवतो, काडतुसाची लांबी नाही. इंग्लंडमध्ये तर बॅरल-चेंबरमध्ये असा फरक केला की बंदूक परत प्रूफ हाऊसला नेऊन जादा दाबाने तपासून शिक्का घेतल्याशिवाय विकता येत नाही. आपल्याकडे गावातला कापणारा माणूस पहिला बार मालकालाच टाकायला लावतो.

माझं जिल्हा प्रशासनाला सांगणं एवढंच आहे की निवडणुकीच्या आचारसंहितेत परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात, त्या तिथे महिनाभर नुसत्या पडून असतात, त्या वेळात जाणकार आर्मररकडून प्रत्येकीचं चेंबर मोजून घ्या, गंज बघा, आणि परत देताना मालकाच्या हातात चिठ्ठी द्या की हिला 65 चंच काडतूस चालेल किंवा ही आता वापरू नका. मी आणि माझ्यासारखे निवृत्त लोक या कामाला फुकट यायला तयार आहोत. ज्यांनी चेंबर आधीच कापून घेतलंय त्यांनी ती बंदूक आता भरू नये, रिकामीच परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे न्यावी. आणि संपादकसाहेब, 65 आणि 70 ची तेवढी माहिती भातकापणीच्या आधी पहिल्या पानावर चौकट करून छापाल तर बरं होईल.

आपला,
एक निवृत्त आर्मरर
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग